जर्मनचं रीळ

२०१९च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा आमच्या घरात शिरली तेव्हा वरच्या मजल्यावर काय काय नेलं, याची यादी आईला अजून तोंडपाठ आहे. गॅसची टाकी, रेशनकार्ड, देव, लोणच्याची बरणी आणि कुणाच्या तरी लग्नात आलेला, कधीच न वापरलेला काचेचा सेट. आबांची लोखंडी ट्रंक जड, म्हणून ती खालीच राहिली. आम्ही जयंती नाल्याच्या बाजूला राहतो. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट झाले की इशारा आणि ४३ झाले की धोका, हे आमच्याकडची पोरं पाढ्यांबरोबर शिकतात. त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. ट्रंक आठवडाभर पाण्याखाली होती.

पाणी उतरल्यावर ट्रंक उघडली, तर आबांच्या बोटीवरच्या नोकरीचे सगळे कागद म्हणजे एकच करडा लगदा झालेला. तळाशी एक तपकिरी चामड्याची पेटी होती, तव्यावरच्या पोळीसारखी टम्म फुगलेली. तिच्या आत आबांचं मासे धरायचं रीळ. लाल रंग तसाच होता, पण हँडल फिरवायला गेले तर ढिम्म. कानाशी धरून हलवलं की आत बारीक वाळू सरकल्याचा आवाज यायचा.

आबा मर्चंट नेव्हीत, इंजिन रूमला फिटर. वर्षातले नऊ महिने बोटीवर आणि उरलेले तीन पंचगंगेच्या घाटावर, असं आई म्हणते, आणि ती हे कौतुकानं म्हणत नाही. रीळ त्यांनी कुठल्याशा बंदरातून आणलं होतं. आई त्याला पहिल्यापासून "जर्मनचं रीळ" म्हणते, त्यामुळे ते जर्मनीहून आलंय असंच आम्ही भावंडं धरून चाललो होतो. त्याच्यावर इंग्रजीत तीन अक्षरं आहेत, ए, बी, यू. नुकतं वाचायला शिकले तेव्हा मला वाटायचं, यावर आबांचंच नाव घातलंय, फक्त कुणीतरी शेवटचं अक्षर चुकवलंय.

पूर ओसरल्यावर गाळ काढण्यात, पंचनाम्यात आणि भिंती वाळवण्यात सहा महिने गेले. रीळ बिस्किटाच्या डब्यात घालून माळ्यावर टाकलं. मग कोरोना आला. ते परत हाताला लागलं थेट तीन वर्षांनी, दिवाळीच्या साफसफाईत. मी पोस्टात काउंटरला असते. दिवसभर लोकांचे पासबुक भरून रात्री मला टीव्ही बघवत नाही. म्हटलं, उघडून तर बघू.

आधी त्याची कुंडली काढली. रीळ रॉडला जिथं बसतं त्या पट्टीला पाय म्हणतात. पायाच्या तळाशी गाळ खरवडल्यावर "मेड इन स्वीडन" दिसलं. म्हणजे जर्मनी गेली. त्याशेजारी आकडे होते, ७५०३०१. या कंपनीच्या त्या काळातल्या रिळांवरचे पहिले दोन आकडे म्हणजे वर्ष आणि पुढचे दोन म्हणजे महिना. मार्च १९७५. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठं. मॉडेलचं नाव अँबॅसेडर ५०००, आणि हे घरात सांगितल्यावर भावाचा पहिला प्रश्न, "डिझेल का पेट्रोल?"

कंपनीचं नाव आबू. त्यातला यू म्हणजे 'उर्फाब्रिकेन', स्वीडिश भाषेत घड्याळांचा कारखाना. दक्षिण स्वीडनमध्ये स्वेंगस्टा नावाचं गाव आहे, मॉरुम नदीकाठी. नदी सामन माशांसाठी प्रसिद्ध. तिथं १९२१ साली कार्ल आउगुस्ट बोर्गस्ट्रॉम यांनी हा कारखाना काढला. आधी खिशातली घड्याळं, मग टॅक्सीचे मीटर. दुसरं महायुद्ध पेटलं, मीटर बाहेर पाठवायची सोय राहिली नाही. कारखाना रिकामा, दातेरी चाकं कापायची यंत्रं तयार, कामगारांचे हात तयार, आणि दारातून मासळीची नदी वाहतेय. १९४१ला त्यांनी पहिलं रीळ काढलं. हे लाल अँबॅसेडर आलं १९५२ला. हे सगळं वाचल्यावर मी डब्याकडे जरा आदबीनं बघायला लागले. टॅक्सीचा मीटर आणि मासे धरायचं रीळ यांचं नातं मला तोवर माहीत नव्हतं. तसं बघितलं तर दोन्हीचं काम एकच, गिऱ्हाईक किती लांब गेलं ते दात्यांवर धरून ठेवायचं.

आता उघडायचं कसं? इथं मला पहिला धक्का बसला, आणि पहिली चूकही मीच केली. उजव्या बाजूच्या लाल झाकणावर तीन गोल, खरबरीत कडांचे स्क्रू आहेत. ते हातानं सोडवायचे असतात. पेचकस नको, पाना नको. ते तीन सैल केले की उजवी बाजू अख्खी, आतल्या गिअरसकट, हातात येते आणि फिरकी बाहेर सरकते. (दोरा गुंडाळायच्या भागाला मी फिरकीच म्हणणार. पतंगवाल्या गावात दुसरा शब्द कशाला?) नदीकाठी, ओल्या हातांनी, अंधारात, कुठलंही हत्यार न घेता उघडता यावं म्हणून कुणीतरी बसून विचार केलाय. आमचा मिक्सर बिघडला तेव्हा त्याच्या तळाचे स्क्रू सोडवायला तीन टोकांचा पेचकस लागला होता. तो गावात मिळू नये हाच त्यामागचा हेतू असावा.

पण माझे तिन्ही स्क्रू गाळानं चिकटून बसले होते. दोन रात्री डिझेलचे थेंब सोडत बसायला हवं होतं. मी पहिल्याच रात्री पक्कड लावली. दोन सुटले. तिसऱ्याच्या खरबरीत कडेवर पकडीचे दात उमटले ते उमटलेच. आजही अंगठा फिरवला की ती जागा लागते. ४४ वर्षं आबांनी त्याला पक्कड लावली नाही, पुरानंही लावली नाही. मी लावली.

उघडल्यावर आत काळा, साबणासारखा मऊ गाळ निघाला. पंचगंगेचा गाळ ज्यांच्या घरात येऊन गेलाय त्यांना त्याचा वास सांगायला नको. रॉकेल आता कुठं मिळत नाही, म्हणून शेजारच्या रिक्षावाल्या दादाकडून पाण्याच्या बाटलीत डिझेल आणलं. जुना टूथब्रश, कान कोरायच्या काड्या, दिवाळीतल्या पणत्या. सुटे भाग ठेवायला मला खणाखणांचं काहीतरी पाहिजे होतं. ते घरात एकच होतं, आईचा मसाल्याचा डबा. मोहरीच्या वाटीत स्प्रिंगा, हळदीच्या वाटीत वॉशर, जिऱ्याच्या वाटीत स्क्रू. प्रत्येक भाग काढायच्या आधी मोबाइलवर फोटो. साठाच्या वर गेल्यावर भाग मोजायचं सोडून दिलं.

या रिळाला एक खटका आहे. अंगठ्यानं दाबला की आतला एक काटा पितळी गिअरला फिरकीच्या दांड्यापासून उचलतो आणि फिरकी मोकळी होते, मग गळ लांब फेकता येतो. हँडल जरासं फिरवलं की काटा परत जागेवर पडतो, कट्ट असा आवाज करून. त्या काट्याला खाली दाबून ठेवतात दोन स्प्रिंगा, तांदळाच्या दाण्याएवढ्या. त्यातली एक चिमट्यातून उडाली. खोलीत कुठं गेली ते मी ऐकलं, पण दिसली नाही. जुन्या स्पीकरमधलं चुंबक दोऱ्याला बांधून फरशीवर फिरवत बसले. दोन टाचण्या, एक पिना आणि एक कानातलं सापडलं. स्प्रिंग तिसऱ्या दिवशी आईला सापडली, देव्हाऱ्यात, गणपतीच्या मागं. "तुझं काहीतरी देवापुढं पडलंय," एवढंच म्हणाली आणि तळहातावर आणून दिली.

दुसरी चूक जास्त महागाची. लाल झाकणांवर गाळाचे पांढरट डाग पडले होते. मी डावं झाकण धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्यात टाकलं आणि फोन आला म्हणून बाहेर गेले. परत आले तर पाणी गुलाबी. हा रंग ब्रशनं फासलेला नसतो. ॲल्युमिनियमवर विजेच्या साहाय्यानं एक कडक थर चढवतात, त्याच्या सूक्ष्म छिद्रांत रंग मुरवतात आणि मग छिद्रं बंद करतात. तो थर घासण्याला पुरून उरतो, पण सोड्यासारख्या खारापुढं टिकत नाही. रुपयाएवढा एक पट्टा फिका पडला. कुणी असलं काम काढणार असेल तर साधा भांड्याचा साबण, कोमट पाणी आणि जुनं फडकं घ्या. सोड्याला हात लावू नका.

त्या निमित्तानं झाकण नीट उजेडात धरलं तेव्हा दिसलं, की माझ्या पट्ट्याच्या जरा वर आणखी एक जागा फिकी आहे. ती जुनी होती, कडा विरत गेलेली, खालचा चंदेरी धातू दिसणारी. आबांच्या ओरखड्यांतलाच एखादा समजून मी सोडून दिलं. पुढं रीळ जोडून रॉडवर बसवलं, डाव्या हातानं धरून उजव्या हातानं हँडल फिरवलं, तर माझा तळवा बरोब्बर त्या जागेवर बसला.

खरा आजार निघाला तो दोरा पसरवणाऱ्या यंत्रणेत. फिरकीवर तंगूस गुंडाळताना तो एकाच जागी ढीग होऊ नये म्हणून पुढं एक छोटी कडी डावीकडून उजवीकडं, उजवीकडून डावीकडं फिरत राहते. तिला फिरवणारा दांडा मी भिंगाखाली धरला आणि बराच वेळ धरूनच बसले. साधारण करंगळीएवढा लांब. त्याच्यावर स्क्रूसारखे आटे आहेत, पण ते एकाच दिशेनं जात नाहीत. जाणारे आटे आणि येणारे आटे एकमेकांना छेदत जातात, वेणी घातल्यासारखे, आणि दोन्ही टोकांना वळण घेऊन एकमेकांत मिसळतात. त्या खाचेत एक खिळा बसतो, गोल दांडी आणि टोकाला चंद्रकोरीसारखी पात. दांडा एकाच दिशेनं फिरत राहतो. खिळा खाचेतून चालत टोकाला जातो, तिथं स्वतःभोवती जरासा वळतो आणि दुसऱ्या खाचेतून परत येतो. खाचा एकमेकींना छेदतात तिथं तो रस्ता चुकत नाही, कारण चंद्रकोरीची पात छेदापेक्षा लांब आहे. चौकात सायकल वळू शकते, ट्रक एवढ्या सहज वळत नाही, तसं.

माझ्या खिळ्याची कोर झिजून गोटी झाली होती. त्यामुळे कडी मधेच अडकायची.

माझे इचलकरंजीचे दाजी त्या आठवड्यात आले होते. त्यांचे यंत्रमाग आहेत. त्यांनी दांडा हातात घेतला आणि म्हणाले, "हे तर आमच्या सूत गुंडाळायच्या यंत्रावर आहे की! एवढंच मोठं करा." मग मी वाचत बसले तर कापड आणि रीळ यांची सोयरीक निघाली. रीळ गुंडाळताना दोरा आपोआप पसरवायची ही युक्ती बाजारात आणणाऱ्यांत एक अमेरिकन होता, १८९७च्या सुमाराचा, आणि त्याचं नाव विल्यम शेक्सपियर. नाटकवाला नव्हे, हा मिशिगनमधल्या कलमझूचा. आणि १९०५ला इंग्लंडात ब्रॅडफर्डच्या इलिंगवर्थ नावाच्या कापडवाल्यानं जे रीळ काढलं, त्यात फिरकी फिरतच नाही. गिरणीत कांडीच्या टोकावरून सूत जसं सुटत जातं, तसा दोरा सुटतो. आज दुकानात मिळणारी बहुतेक रिळं त्याच कुळातली. दाजींना हे सांगितलं तर खूश झाले आणि लगेच म्हणाले, "मग याला क्रोम मारून आणू. बफिंग करून असं चकाचक करतो, काल घेतल्यासारखं दिसेल." मी नको म्हटलं. त्यांना वाटलं, मी पैशासाठी नको म्हणतेय. आबांच्या तळव्याची जागा त्यांना दाखवायला हवी होती, पण सांगता येईना.

नवा खिळा ऑनलाइन मागवला. तीन आठवड्यांनी पाकीट आलं, त्यात भलत्याच मॉडेलचा खिळा, दांडी जाड. परत पाठवायचा खर्च खिळ्याच्या दुप्पट. पोस्टात काम करून हे माझ्या वाट्याला यावं!

शेवटी शनिवारी सुट्टी टाकून शिवाजी उद्यमनगर गाठलं. आबा म्हणायचे, बोटीवर एखादा भाग तुटला की जगातल्या कुठल्याही बंदरात त्यांना उद्यमनगर आठवायचं. यंत्रमहर्षी म्हादबा मेस्त्रींचं नाव अजून घेतात तिथं. ऑइल इंजिनं घडवलेल्या गल्ल्या आहेत त्या, आणि मी घेऊन गेले होते गव्हाच्या दाण्याएवढा खिळा. दोन वर्कशॉपनी हसून परत पाठवलं. तिसऱ्या ठिकाणी एक म्हातारे टर्नर होते, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली.

"काय वो ताई, ह्ये कसलं?"

"मासे धरायच्या रिळातला खिळा आहे, मामा. असाच एक करून पाहिजे."

"एकच?" त्यांनी माझ्याकडं बघितलं. "हजार आणला असतासा तर परवडलं असतं."

तरी त्यांनी मायक्रोमीटर काढला. खिळा मोजला, बाजूला ठेवला आणि दांडा मागून घेतला. तो उजेडाकडं धरून नखानं हळू फिरवत राहिले. मागं पत्र्यावर कुणीतरी हातोडा मारत होतं, त्याला त्यांनी हातानंच थांब म्हणून खुणावलं.

"टूलची रेघ दिसंना बगा. कापून झाल्यावर परत घासून घेतलंय. एवढ्या बारक्या खाचंत." मग खिळा उचलून म्हणाले, "ह्यो मऊ हाय. दांडा कडक. मुद्दाम केलंय. झिजायचं ते खिळ्यानं झिजायचं. खिळा काय, उद्या दुसरा घालता येतोय. दांडा गेला म्हंजे गेलं."

गनमेटलच्या तुकड्यातून त्यांनी दांडी काढली, पहिली जरा बारीक झाली म्हणून फेकली आणि दुसरी केली. चंद्रकोर मात्र करणार नाही म्हणाले. "डोळं ऱ्हायलं न्हाईत. घड्याळवाल्याकडं जावा." साडेतीनशे रुपये घेतले, आणि चहा पाजला तो त्यांनीच.

महाद्वार रोडच्या एका बोळात घड्याळ दुरुस्तीचं कपाटाएवढं दुकान आहे. काकांच्या डोळ्यावर भिंग कायमचंच असतं, माणसाकडं बघतानाही काढत नाहीत. हा कारखाना मुळात घड्याळांचा, असं त्यांना मोठ्या कौतुकानं सांगितलं. त्यांनी गिअरची बाजू हलवून बघितली आणि तोंड वाकडं केलं. "घड्याळवाल्यानं केलंय? मग एवढं सैल का? घड्याळात एवढी फट ठेवली तर चालायचंच नाही." मी गप्प. त्यांनी परत हलवलं, फुंकर मारली, एक तिरका दाता भिंगाखाली बघितला. "पाण्याकाठी वापरायचं ना हे? वाळू जाणार आत. मग सैलच पाहिजे. घट्ट केलं असतं तर पहिल्या कणाला अडकलं असतं." आणि मग, स्वतःशीच, "म्हणून पुरातनं वाचलं."

चंद्रकोर त्यांनी बारीक कानशीनं हातानं काढली. दोन कानशी मारायच्या, खाचेत घालून बघायचं, परत दोन. शेवटी खिळा खाचेत टाकून दांडा बोटांत फिरवला. खिळा टोकापर्यंत गेला, थबकला, वळला आणि परत आला. काकांनी तो आणखी चार वेळा तसाच फिरवला. कामासाठी एकदा पुरे होतं.

राहिला ब्रेक. मोठा मासा ओढायला लागला की दोरा तुटू नये म्हणून फिरकीनं ठरावीक ओढीला घसरत दोरा सोडला पाहिजे. त्यासाठी मोठ्या गिअरच्या पोटात चकत्यांची चळत असते, एक धातूची, एक घर्षणाची. हँडलपाशी चांदणीच्या आकाराचं चाक आहे, ते आवळलं की चळत दाबली जाते. माझ्या घर्षणाच्या चकत्या पुराच्या पाण्यानं फुगून त्यांचा भुगा झाला होता. जुन्या समुद्री रिळांत चामड्याच्या चकत्याही वापरत, हे वाचलं आणि हसू आलं. कोल्हापुरात राहून चामड्यासाठी ऑनलाइन जाणं बरं दिसलं नसतं.

सुभाषनगरात एका चपलेच्या कारागिराकडं गेले. बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं चामडं, रसायनाचं नको, एवढं मला कळत होतं. चकतीचं माप सांगितलं तर त्यांनी आधी जीभ चावून विचार केला, मग विचारलं, "करकर वाजणारी पाहिजे का मुकी?" मी म्हटलं मुकी. त्यांनी पट्ट्याचे कातरण काढले, पाथरीवर ठेवून पातळ तासले आणि गोल भोकं पाडायच्या पोलादी नळीनं, आधी लहान मग मोठं, ठॉक ठॉक करून चार चकत्या पाडून दिल्या. पैसे घेईनात. "कचराच हाय तो." तेलात रात्रभर मुरवून त्या चळतीत घातल्या. ओढून बघितलं तर दोरा न अडखळता, लोण्यातून सुरी जावी तसा सुटत गेला. भर पावसात चामडं ओलं झाल्यावर काय करेल ते अजून बघितलेलं नाही.

जोडणी दोन रात्रींत झाली. मोबाइलवरचे फोटो उलटे बघत जायचं. बुशांना शिवणयंत्राचं तेल, गिअरला ग्रीसचं बोट. माझा हात तेलाला सैल आहे, आई म्हणते कालवणातही दिसतं. ते इथं भोवलं.

रविवारी सकाळी गांधी मैदानावर गेले. गळ नाही, फक्त तंगुसाच्या टोकाला उद्यमनगरातून आणलेला एक नट बांधलेला. पोरं क्रिकेट खेळत होती. एक जण बॅट घेऊनच आला.

"काकू, ह्ये काय वो?"

"रीळ आहे."

"रील? मग मोबाइल कुठाय?"

खटका दाबला, अंगठा फिरकीवर ठेवला, रॉड मागं घेतला आणि फेकलं. नट दहा-बारा फुटांवर जाऊन गचकन थांबला आणि फिरकीवर चिमणीचं घरटं झालं. नट हवेत मंदावतो, पण फिरकी त्याच जोरात फिरत राहते. पुढं जागा नाही म्हणून दोरा स्वतःवरच फुलून येतो. हे होऊ नये म्हणून फिरकीच्या दांड्यावर एक आडवी काडी असते आणि तिच्यात दोन चिमुकले ठोकळे. फिरकी जोरात फिरली की ते आपोआप बाहेर फेकले जातात आणि पितळी कड्याला घासून वेग आवरतात. फिरकी हळू झाली की परत आत. ना स्प्रिंग, ना खटका, नुसतं फिरण्याच्या जोरावर. फक्त ते पितळी कडं कोरडं पाहिजे, आणि मी त्यालाही तेल पाजलं होतं.

मैदानाच्या कट्ट्यावर बसून गुंता सोडवला. पाऊण तास. बॅटवाला पोरगा शेजारी बसून मदत करत होता, पतंगाचा अनुभव दांडगा होता त्याचा. मग तीन स्क्रू हातानं सोडवले, एक जरा टोचला, फिरकी काढली, ओढणीच्या टोकानं कडं पुसलं. पुरेसं होईना. पोरानं कुणाच्या तरी बॅगेतून सॅनिटायझरची बाटली आणली. त्यानं कडं लख्ख पुसून बंद केलं आणि परत फेकलं. या वेळी फिरकीतून घुंगुर्ड्यासारखा एक बारीक, सलग आवाज आला. नट पिच ओलांडून, मिडविकेटच्या डोक्यावरून गेला. "सिक्स!" पोरं ओरडली. हँडल फिरवलं. कट्ट. कडी डावीकडून उजवीकडं, उजवीकडून डावीकडं चालायला लागली. एका फेऱ्याला फिरकी साडेतीन फेऱ्यांहून जरा जास्त फिरते, ते मी तिथंच मोजलं.

पुढच्या आठवड्यात घाटावर कणकेच्या गोळ्याला एक चिलापी लागली, तळहाताएवढी. चामड्याच्या चकत्यांना काही काम पडलं नाही. ती परत सोडली, कारण पाण्याचा वास मला आवडला नव्हता.

घरी येऊन आईला रीळ दाखवलं. हँडल फिरवून, कट्ट करून, सगळं. मग पायाखालचा मजकूर वाचून दाखवला. "हे बघ, स्वीडन. इतकी वर्षं तू जर्मनचं जर्मनचं म्हणतेस."

आईनं रीळ हातात घेतलं, लाल झाकणाच्या फिक्या पडलेल्या जागी नखानं टिचकी मारली आणि कानाशी नेलं. आई पक्की कोल्हापूरची, अजून "मी जातो, मी येतो" असंच बोलते.

"मी कुठं देश म्हणतो गं? जर्मनच आहे हे. आपलं दुधाचं पातेलं आहे तसलं. वाजवून बघ." मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "आणि माझा डबा कुठाय? परवा फोडणी दिली तर सगळ्या आमटीला एस्टीचा वास."